पाच कमांड, एक बटण आणि ८५ मिनिटं



आज जरा वेगळा विषय घेतलाय. कोड एडिटरमध्ये रोज त्याच त्या कमांड हाताने टाइप कराव्या लागतात, त्या एका बटणावर कशा आणायच्या, हे तुम्हाला सांगणार आहे. "आम्हा शिक्षकांना कोड एडिटर कशाला?" असं म्हणून लगेच पान बंद करू नका. मीसुद्धा डी.एड. केलेली साधी प्राथमिक शिक्षिकाच आहे. संगणकाचं शिक्षण असं काही घेतलेलं नाही. हे शिकायची वेळ माझ्यावर आली ती आमच्या पाचवीतल्या एका मुलीमुळे. तिने बरोबर उत्तर येत असताना चुकीचं उत्तर दिलं, आणि तेही मुद्दाम. का दिलं, ते आधी सांगते. तंत्र त्यानंतर.

आमची सराव चाचणी

आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली ते पाचवी, पट ३१. लोकसहभागातून शाळेला सहा टॅबलेट मिळाले, पण गावात इंटरनेटची रेंज डोंगराच्या मर्जीवर. ऑनलाइन चाचणी लावली की निम्मी मुलं गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसायची. लॉकडाऊनच्या काळात मी व्हिडिओ बघून थोडंफार एचटीएमएल आणि पायथन शिकले होते. ते कामाला लावलं आणि इंटरनेटशिवाय चालणारी गणिताची सराव चाचणी तयार केली.

रचना अगदी साधी आहे. एक्सेलच्या तक्त्यात एका ओळीत एक प्रश्न, त्याचे चार पर्याय आणि बरोबर उत्तर लिहायचं. तो तक्ता सीएसव्ही म्हणून सेव्ह करायचा. मग पायथनची एक छोटी फाइल तो तक्ता तपासते, दुसरी त्यातून चाचणीचं पान बनवते. हे पान 'काम' नावाच्या फोल्डरमध्ये तयार होतं. तिथून ते 'वर्ग' नावाच्या फोल्डरमध्ये कॉपी करायचं. लॅपटॉपवर सर्व्हर सुरू केला की टॅबलेट वायफायवरून 'वर्ग'मधलं पान उघडतात. त्याला बाहेरचं इंटरनेट लागत नाही. लॅपटॉप आणि टॅबलेट एकाच राउटरला जोडलेले असले की झालं. उत्तर बरोबर असेल तर चौकट हिरवी होते, चुकलं तर लाल.

दोन फोल्डर कशाला, असं तुम्ही विचाराल. माझे अर्धवट प्रश्न मुलांच्या समोर जाऊ नयेत म्हणून. विचार चांगला होता, पण फसगत तिथेच झाली.

कारण यासाठी मला रोज पाच कमांड द्याव्या लागायच्या. पहिली कमांड योग्य फोल्डरमध्ये जाण्याची, दुसरी तक्ता तपासण्याची, तिसरी पान बनवण्याची, चौथी कॉपीची, पाचवी सर्व्हरची. टर्मिनलमध्ये वरचा बाण दाबत दाबत मी जुन्या कमांड शोधायची आणि एंटर मारायची. सवयीने हात आपोआप चालायचा. सवयीच्या कामात चूक कशी होते हे तुम्हाला माहीत आहेच. हजेरी घेताना एखादं नाव आपण कधी गाळतो? पाठ झालेलं असतं तेव्हाच.

८५ की १२५?

प्रश्न होता, १ तास २५ मिनिटे म्हणजे किती मिनिटे? रात्री घाईत मी बरोबर उत्तराच्या रकान्यात १२५ टाकलं. तासाची शंभर मिनिटं करून टाकली! मुलं हीच चूक करतात म्हणून तर १२५ हा पर्याय मी मुद्दाम ठेवला होता, आणि त्याच खड्ड्यात मी स्वतः पडले.

दुसऱ्या दिवशी पाचवीतली ती मुलगी टॅबलेट घेऊन माझ्याकडे आली. "बाई, ८५ बरोबर हाय ना? मग हे लाल का दाखवतंय?" मी बघितलं, जीभ चावली. "तुझंच बरोबर आहे गं. माझी चूक. आज रात्री दुरुस्त करते." ती खूश होऊन गेली.

रात्री मी खरंच दुरुस्त केलं. तक्त्यात १२५ चं ८५ केलं, सेव्ह केलं, तपासणीची कमांड दिली, पान बनवलं. तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं म्हणून उठले. परत येऊन बसले तेव्हा काम झालंय असंच डोक्यात होतं. कॉपीची कमांड राहिली. नवं पान 'काम'मध्ये पडून राहिलं आणि 'वर्ग'मध्ये जुनंच राहिलं.

सकाळी परिपाठानंतर मी सगळ्यांसमोर सांगितलं, "कालची चूक दुरुस्त केली आहे." सर्व्हर सुरू केला आणि पहिली-दुसरीकडे गेले. त्या दिवशी कोणी तक्रार घेऊन आलं नाही. तिसऱ्या दिवशी सहज तिच्या मागून जात होते. तोच प्रश्न आला. तिने क्षणभरही न थांबता १२५ दाबलं. चौकट हिरवी झाली आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.

मी म्हटलं, "अगं, ८५ येतं ना तुला?"

"येतं की बाई. पण ह्याला १२५ दाबल्यावरच हिरवं होतंय."

मला काय बोलावं ते सुचेना. तिचं गणित पक्कं होतं. पण माझ्या चाचणीने तिला दोन दिवसांत शिकवलं होतं की आपल्याला काय येतं ते महत्त्वाचं नाही, समोरच्याला काय हवंय ते दाबायचं. आणि बाई "दुरुस्त केलं" म्हणतात ते काही खरं धरायचं नाही. एका विसरलेल्या कमांडची ही किंमत होती.

मी एकटी नव्हते

त्या रात्री धाकट्या भावाला फोन केला. तो पुण्यात नोकरी करतो, दिवसभर हेच काम असतं त्याचं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, या पाच कमांड तू रोज हाताने देतेस?"

"मग कशाने देऊ?"

"अगं, एडिटरला सांगून ठेव ना. टास्क म्हणतात त्याला. आणि मनाला लावून घेऊ नकोस, या चुकीला लई जुना इतिहास आहे."

तो इतिहास नंतर मी वाचला. तुम्हालाही सांगते, कारण मला त्यातून फार धीर आला. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रसिद्ध संशोधन संस्थेत १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचं साधन तयार केलं. झालं असं, की त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एकदा वैतागून त्यांच्या खोलीत आले. प्रोग्राममधली चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, पण तो प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचा राहिला होता. कंपाइल म्हणजे आपण लिहिलेल्या मजकुराचं यंत्राला कळणाऱ्या फायलीत रूपांतर. यंत्र जुनीच फाइल चालवत होतं आणि ते अख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसले होते. आदल्याच संध्याकाळी फेल्डमन यांचाही असाच वेळ गेला होता. मग त्यांनी असं साधन बनवलं, की कुठली फाइल कशापासून बनते हे एकदा लिहून ठेवायचं. जे बदललं असेल त्यापुरतं काम ते साधन स्वतः पुन्हा करतं. या कामासाठी त्यांना २००३ साली एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. 'मेक' आजही वापरात आहे.

एवढ्या मोठ्या माणसांचंही दूध उतू गेलं होतं म्हणायचं!

टास्क म्हणजे एडिटरचं टाचण

मी व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर वापरते. मायक्रोसॉफ्टने तो २०१५ साली आणला, तो मोफत मिळतो आणि आमच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतो. त्यात टास्क तयार करायची पद्धत आता क्रमाने बघू. इथे मी शब्दांचे उच्चार मराठीत देतेय, पण फायलीत ते इंग्रजी अक्षरांतच लिहायचे, हे लक्षात ठेवा.

आधी आपल्या कामाचं फोल्डर एडिटरमध्ये उघडा. वरच्या 'टर्मिनल' मेनूत 'कॉन्फिगर टास्क्स' हा पर्याय आहे. तिथून टेम्प्लेटवरून नवी फाइल बनवायचा पर्याय घ्या आणि यादीतलं 'अदर्स' निवडा. फोल्डरमध्ये 'डॉट व्हीएसकोड' नावाचं एक उपफोल्डर तयार होतं आणि त्यात 'टास्क्स डॉट जेसन' ही फाइल उघडते. सगळं याच फायलीत लिहायचं.

प्रत्येक टास्कमध्ये मुख्य गोष्टी तीनच. 'लेबल' म्हणजे टास्कचं नाव. मी 'तपासा', 'बनवा', 'वर्गात पाठवा' अशी मराठी नावं दिली आहेत. 'टाइप'मध्ये 'शेल' लिहायचं, म्हणजे ही कमांड टर्मिनलमध्ये चालवायची आहे हे एडिटरला कळतं. आणि 'कमांड'मध्ये ती कमांड, जी तुम्ही आजवर हाताने टाइप करत होता, जशीच्या तशी. टास्क आपण उघडलेल्या फोल्डरमध्येच चालते, त्यामुळे फोल्डरमध्ये जाण्याची माझी पहिली कमांड तर आपोआप गळालीच.

ज्या टास्कला एका बटणावर आणायचं, तिच्यात 'ग्रुप' लिहून तो 'बिल्ड' प्रकारचा आहे आणि 'इज डिफॉल्ट' आहे असं सांगायचं. मग कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही तीन बटणं एकत्र दाबली की ती टास्क सुरू होते.

हे लिहिताना मला डी.एड.चे दिवस आठवले. सराव पाठ घ्यायच्या आधी पाठ टाचण काढावं लागायचं. उद्दिष्ट, साहित्य, कृती, मूल्यमापन, सगळं रकान्यांत. तेव्हा आम्हा मुलींना तो छळ वाटायचा. "वर्गात गेल्यावर जमतं की!" असं म्हणायचो. आता कळतंय, डोक्यात असलेला क्रम कागदावर उतरवला की मधली सुटलेली पायरी दिसते. ही फाइल म्हणजे एडिटरसाठी काढलेलं टाचणच आहे. या फायलीत दोन तिरप्या रेघा देऊन पुढे टीपही लिहिता येते. प्रत्येक टास्कच्या वर मी एक ओळ लिहून ठेवली आहे, ही पायरी कशासाठी आहे म्हणून. उद्या माझी बदली झाली तर माझ्या जागी येणाऱ्या शिक्षकाला कुणाला फोन करावा लागू नये.

क्रम सांगितला नाही तर?

पहिल्या प्रयत्नात मी आणखी एक चूक केली. तीही सांगते, तुमचा वेळ वाचेल. मी चौथी टास्क केली, तिचं नाव 'सगळं'. तिच्यात 'डिपेंड्स ऑन' लिहून पुढे तिन्ही टास्कची नावं दिली. बटण दाबलं, तिन्ही चालल्या. 'वर्ग' फोल्डर उघडून बघते तर पान जुनंच!

कारण असं, की 'डिपेंड्स ऑन'मध्ये नावं ओळीने लिहिली तरी एडिटर त्या टास्क एकदमच सुरू करतो. मी वर लिहिलं म्हणून ते आधी होणार, असं नसतं. नवं पान तयार व्हायच्या आतच जुन्याची कॉपी होऊन गेली होती. वर्गाला आपण "वह्या काढा, तारीख घाला, गणित उतरवा" असं एका दमात सांगितलं की काही मुलं तारीख न घालताच गणित उतरवतात, तसंच.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे 'डिपेंड्स ऑर्डर' लिहून पुढे 'सीक्वेन्स' लिहायचं, म्हणजे दिलेल्या क्रमानेच टास्क चालतात. दुसरा उपाय साखळीचा. 'वर्गात पाठवा' ही टास्क 'बनवा'वर अवलंबून ठेवायची आणि 'बनवा' ही 'तपासा'वर. मी साखळी केली, कारण ती आपल्या शिकवण्यासारखी आहे. हातच्याची बेरीज दशक-एककावर अवलंबून, दशक-एकक दहाच्या गठ्ठ्यांवर. मागचं झाल्याशिवाय पुढचं नाही.

साखळीचा मोठा फायदा म्हणजे चूक सापडली की काम तिथेच थांबतं. त्यासाठी तपासणीच्या पायथन फाइलमध्ये एक गोष्ट करावी लागली. प्रत्येक प्रोग्राम संपताना एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे सगळं ठीक, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे गडबड. एखाद्या प्रश्नाला चार पर्याय नसतील, किंवा बरोबर उत्तर पर्यायांतच नसेल, तर माझा प्रोग्राम आता १ देऊन संपतो. मग पुढची टास्क सुरूच होत नाही. मी मुद्दाम एक पर्याय रिकामा ठेवून बघितलं. टर्मिनलमध्ये ओळ क्रमांकासह चूक आली आणि 'वर्ग'मधलं पान जिथल्या तिथे राहिलं.

सर्व्हरची टास्क मात्र साखळीत घेतली नाही. सर्व्हर सुरू झाला की तो चालूच राहतो, संपत नाही, आणि साखळीत तर आधीचं संपावं लागतं. त्याची टास्क वेगळी ठेवली आणि 'रन ऑन'मध्ये 'फोल्डर ओपन' असं लिहिलं. सकाळी फोल्डर उघडलं की सर्व्हर सुरू. पहिल्या वेळी एडिटर परवानगी विचारतो, ती द्यायची.

मध्ये मी तीन दिवस प्रशिक्षणाला गेले होते. आमच्या सहकारी सरांना म्हटलं, तक्त्यात प्रश्न भरा आणि तीन बटणं दाबा. परत आले तर चाचणी बिनबोभाट चालू होती. एवढी वर्षं जे काम फक्त मला येत होतं, ते आता शाळेला येतंय.

बटणाला काय कळत नाही

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग, प्रश्न सुटला. मलाही तसंच वाटलं. मग एका रात्री झोपताना लक्षात आलं, की मुळातली चूक या बटणाने पकडलीच नसती. १२५ हे उत्तर चार पर्यायांमध्ये होतं. 'तपासा' टास्कने त्याला बरोबर म्हणून पुढे पाठवलं असतं, आणि यावेळी न विसरता, न चुकता थेट 'वर्ग'मध्ये नेऊन ठेवलं असतं. विसरभोळेपणा बटणाने गेला होता. घाई माझ्याकडेच शिल्लक होती.

त्यावरही एडिटरमध्ये काहीतरी सापडलं. टास्क सुरू होताना तुम्हाला प्रश्न विचारायची सोय आहे, 'इनपुट्स' म्हणतात तिला. मी प्रश्न टाकला, "उत्तरं स्वतः सोडवून बघितलीस का?" आणि हो किंवा नाही असे दोन पर्याय. 'नाही' म्हटलं तर काम थांबायचं. पहिला आठवडा मी खरंच वही घेऊन बसले. दुसऱ्या आठवड्यात न वाचताच 'हो' दाबायला लागले. हिरवं करायला काय दाबायचं, ते मलाही कळलं होतं!

तेव्हा तो प्रश्न मी काढून टाकला आणि वेगळी व्यवस्था केली. आता नवे प्रश्न टॅबलेटवर जायच्या आधी कागदावर जातात. उत्तरं आणि पर्याय, दोन्ही नसलेला कागद. पाचवीतली दोन मुलं तो सोडवतात, पर्यायांचा कागद नंतर बघतात आणि माझ्या तक्त्याशी ताडून बघतात. कुठे जुळलं नाही तर तो प्रश्न थांबतो, आणि बरोबर कोण हे आम्ही फळ्यावर सोडवून ठरवतो. मुलं दर आठवड्याला बदलतात. पहिल्या आठवड्याला मी तिलाच बसवलं. मुलांसमोर तिला म्हटलं, "मी दुरुस्त केलं म्हणाले होते, पण झालं नव्हतं. तू बरोबर होतीस. आता तू बघून सांगितल्याशिवाय पान पुढे जाणार नाही." ती काही बोलली नाही. पेन्सिलीला टोक करून बसली.

काही दिवसांनी सममूल्य अपूर्णांकांचे प्रश्न काढले होते. एक-द्वितीयांशाशी सममूल्य अपूर्णांक कोणता? पर्याय होते दोन-चतुर्थांश, तीन-पंचमांश, तीन-षष्ठांश आणि एक-तृतीयांश. तक्त्यात मी पहिला पर्याय बरोबर म्हणून लिहिला होता. 'तपासा' टास्कने काही तक्रार केली नव्हती. मधल्या सुट्टीत ती कागद घेऊन आली.

"बाई, ह्यात दोन बरोबर हायेत. तीन-षष्ठांश पण अर्धंच होतंय."

मी बघितलं. होतंच.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"एक बदला. नाहीतर ज्यानं तीन-षष्ठांश दाबलं, त्याला उगीच लाल होईल."

आम्ही दोघींनी मिळून तीन-षष्ठांशच्या जागी चार-षष्ठांश केलं. मग मी तिलाच लॅपटॉपसमोर बसवलं आणि कंट्रोल, शिफ्ट, बी दाखवलं. तिने तीन बोटं एकदम टेकवली. तपासा, बनवा, वर्गात पाठवा. खाली टर्मिनलमध्ये ओळी सरकल्या आणि थांबल्या.

"झालं?" तिने विचारलं.

"टॅबलेट उघडून बघ," मी म्हटलं. आता मी कुणालाही, स्वतःलासुद्धा, बघितल्याशिवाय 'झालं' म्हणू देत नाही. तिने पान उघडलं, तिसरा पर्याय वाचला आणि मान हलवली.

तर मित्रांनो, तुमच्याही कामात अशा रोजच्या चार-पाच कमांड असतील तर एक संध्याकाळ काढा. आधी त्या एका कागदावर क्रमाने लिहा, आणि कुठली कशावर अवलंबून आहे ते बाणाने दाखवा. टास्कची फाइल त्यानंतर उघडा. यंत्राला क्रम सांभाळू द्या. पण उत्तर बरोबर आहे का, हे विचारायला वर्गातलं एखादं मूल जवळ असू द्या.